न उघडलेलं कपाट

तिला सगळे कुलूपबाई म्हणायचे. पाठीमागे तर म्हणायचेच, पण तोंडावरही म्हणायचे, आणि तिला त्याचं काही वाटत नसे. वडील कुलपं दुरुस्त करायचे. दुकान इतकं अरुंद की गिऱ्हाईक आत आलं की वडिलांना पोट आत ओढून बसावं लागे. त्या दुकानात शाळेनंतरच्या सगळ्या दुपारी तिने किल्ल्या कानशीने घासण्यात घालवल्या. पुढे परीक्षा देऊन परवाना कार्यालयात लागली, आणि तिथे वाट्याला आलेलं कामही शेवटी कुलपांचंच निघालं.

काम असं. ज्यांच्याकडे परवान्याची बंदूक आहे त्यांच्या घरी परवान्याच्या नूतनीकरणाआधी जायचं आणि बंदूक नीट ठेवली आहे का ते बघायचं. लोखंडी कपाट हवं, ते भिंतीला बोल्टने आवळलेलं हवं, काडतुसं वेगळ्या पेटीत आणि वेगळ्या कुलपात हवीत, किल्ली परवानेवाल्याखेरीज कुणाच्या हाती लागता कामा नये. चार पानांचा तक्ता, बत्तीस रकाने. प्रत्येक रकान्यात बरोबरची खूण नाहीतर फुली, आणि खाली सही.

अकरा वर्षांत तिने डोंगरावरच्या बागा, मेंढवाडे, एकटीदुकटी घरं सगळी पायाखाली घातली होती. लोक किल्ली कुठे लपवतात यावर तिला पुस्तक लिहिता आलं असतं. पिठाच्या डब्यात, घड्याळामागे, वारलेल्या सासऱ्याच्या बुटात. तिची युक्ती साधी होती. घरधन्याला काही विचारायचंच नाही. त्याच्या बायकोला विचारायचं, "किल्ली कुठे असते हो?" बायको म्हणायची, "मला काय माहीत!" आणि तिची नजर सरळ घड्याळाकडे जायची. की लागली फुली.

वर, अगदी टोकाला, एक मेंढ्या पाळणारी म्हातारी होती. सोबत कुणी नाही, आणि मोकाट कुत्र्यांची टोळी हिवाळ्यात मेंढ्यांवर यायची. तिने किल्ली दोरीने गळ्यात बांधली होती आणि ती दोरी ती कुणासाठीही काढत नसे. कपाट उघडायचं तर स्वतः कुलपापुढे गुडघे टेकायची, मान वाकडी करून किल्ली फिरवायची आणि तशीच कुलपाला लटकून म्हणायची, "बघा बाई लवकर, मान अवघडते." तिथे बत्तीसच्या बत्तीस खुणा करून खाली उतरताना कुलूपबाईला वाटायचं, या बाईची बंदूक जो काढून घेईल त्याने आधी इथे एक हिवाळा काढून दाखवावा.

स्वस्थता मात्र तिच्या अंगात नावाला नव्हती. बसली तरी एक पाय हलत असे. नवरा घरीच कवळ्या बनवायचा. समोर दातांची रांग मांडून दिवसभर एका जागी बसणारा शांत माणूस. तो म्हणायचा, "तुझ्या पायाला शिलाईचं मशीन जोडलं असतं ना, तर महिन्याला चार परकर निघाले असते."

तिचा थोरला भाऊ, दादा, डोंगराच्या मधल्या पट्ट्यात सफरचंदांची बाग सांभाळून होता. वडिलांचं दुकान त्याने घेतलं नाही. मोकळ्या हवेचा माणूस. बागेला रानडुकरांचा उपद्रव फार, म्हणून दुनळी बंदूक आणि तिचा परवाना. त्या वर्षी परवान्याची मुदत नेमकी फळं पिकायच्या दिवसांत संपत होती.

नातेवाइकाच्या घरची तपासणी आपण करायची नाही, दुसऱ्या तपासनीसाकडे द्यायची, हा नियम. दुसरा तपासनीस गुडघ्याचं ऑपरेशन करून घरी पडलेला. साहेबांनी सांगितलं, "थांबू दे महिनाभर." पण दादाचा रोज फोन.

"महिनाभरात डुकरं माझी अर्धी बाग खाऊन ढेकर देतील. तू ये, बघ आणि सही कर. तुझ्यावर कोण संशय घेणार आहे?"

"तसं नसतं रे दादा."

"मग कसं असतं? लोकांच्या घरी जातेस, भावाच्या घरचा रस्ता तेवढा नियमात बसत नाही?"

तिने साहेबांना पुन्हा गाठलं. साहेब फायलींत बुडालेले होते. "तुम्हीच जाऊन या मग," ते वर न बघता म्हणाले, "पण काटेकोर करा."

ती गेली तेव्हा बागेत धांदल उडालेली होती. दादा माल भरून घेत होता, वहिनी चहाची किटली घेऊन मजुरांमध्ये फिरत होत्या. मागच्या खोलीत कपाट होतं, पण त्याच्यापुढे फळांच्या पेट्या छातीपर्यंत रचलेल्या. कपाटाचा वरचा भाग तेवढा दिसत होता. तिने पेट्यांवरून हात घालून वरचे दोन बोल्ट चाचपले. घट्ट होते. कुलूप तर तिनेच सहा वर्षांपूर्वी निवडून दिलेलं.

"पेट्या हलवाव्या लागतील," ती म्हणाली.

"हलवतो की! दोन माणसं बोलावतो, अर्धा तास लागेल. ट्रक थांबवतो, त्यात काय." दादा कपाळाचा घाम पुसत दारात उभा राहिला. मग हसला. "का तुला वाटतं मी आत तोफ ठेवलीय?"

बाहेर ट्रकवाला हॉर्न मारत होता. वहिनींनी तिच्या हातात कप दिला. काय झालं कोण जाणे, तिने तक्ता मांडीवर घेतला आणि बत्तीस खुणा केल्या. त्यातल्या नऊ कपाटाच्या आतल्या होत्या. खाली सही केली. अकरा वर्षांत न पाहता केलेली ही पहिली सही.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली होती. दुसऱ्या वळणावर तिच्या डोक्यात सरळ साधा प्रश्न उभा राहिला. डुकरं रोज संध्याकाळी येतात, आणि दादा रोज संध्याकाळी बंदूक घेऊन बागेत फिरतो, असं तो स्वतःच फोनवर सांगत होता. कपाटापुढे तर छातीएवढ्या पेट्या. मग दादा रोज बंदूक काढतो कुठून?

तिचा थांबा आला आणि गेला. ती दोन थांबे पुढे उतरली आणि उलट चालत घरी आली.

त्यानंतरचे दिवस तिने कसे काढले ते तिचं तिला माहीत. पेट्या त्याच दिवशी रचल्या असतील, अशी ती स्वतःची समजूत घालायची. मग आठवायचं, खालच्या पेट्यांवर धूळ होती. कार्यालयात ती जिना चढायची आणि कशाला आलो ते विसरून परत उतरायची. तक्ता अजून साहेबांच्या टेबलावर होता तोवर मागून घेता आला असता. ती दोनदा साहेबांच्या दारापर्यंत गेली, दोनदा आत डोकावली, आणि "काही नाही, पेन राहिलं होतं" म्हणून मागे फिरली. तिसऱ्या दिवशी तक्ता पुढे गेला. आठवड्याने दादाचा परवाना नवा होऊन टपालात पडला.

नवऱ्याने एकदा कवळीवरून नजर उचलली. "अगं, काय झालंय? जेवणात मीठ नाही, आणि काल तर चहातच होतं."

"काही नाही."

"काही नाही म्हणजे दादाचंच काहीतरी," तो म्हणाला आणि पुन्हा दातांकडे वळला.

तिने वहिनींना फोन लावला. एरवी वहिनी फोनवर सुरू झाल्या की कान दुखेपर्यंत थांबत नसत. या वेळी म्हणाल्या, "सगळं बरं आहे वन्सं. कामात आहे," आणि फोन ठेवून दिला. त्या तुटक बोलण्याने उरलासुरला धीरही सुटला. बुधवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून, कुणाला न कळवता, ती बागेकडे निघाली.

दादा वरच्या वाफ्यांत गेला होता. वहिनी स्वयंपाकघरात एकट्याच होत्या. हिला दारात पाहून त्यांच्या हातातलं फडकं खाली पडलं. कुलूपबाईने काही विचारलं नाही, सवयीने नुसतं वहिनींच्या डोळ्यांकडे पाहिलं. वहिनींची नजर कोठीच्या दाराकडे गेली.

दारामागे दोन झाडू होते, एक फावडं होतं, आणि त्यांच्या ओळीत भिंतीला टेकवून दुनळी. तिने ती उचलली, मधल्या बिजागरीवर मोडून उघडली. दोन्ही नळ्यांत पितळेचे दोन गोल चकाकले. भरलेली. तिने काडतुसं काढून पदराच्या टोकात बांधली.

"हे कधीपासून?"

"उन्हाळ्यापासून." वहिनी स्टुलावर बसल्या. "कपाट उघडेपर्यंत डुक्कर पळून जातं, असं हे म्हणतात. मी झाडायला जाते तेव्हा आधी झाडू जपून ओढून घेते. पण वन्सं, माझा जीव नुसत्या तेवढ्यानेच टांगणीला नाही लागलेला."

"मग?"

"ह्यांना दिसत नाही."

आणि मग महिनाभर जे मनात दाबून बसल्या होत्या ते एकदम फुटलं. चहा कपाबाहेर ओततात. माणूस आवाजावरून ओळखतात. परवा दारात उभ्या असलेल्या वहिनींनाच म्हणाले, कोण आहे? बागेच्या कडेला मध काढणाऱ्या शेजाऱ्याच्या मधमाश्यांच्या पेट्या असतात. संध्याकाळी माश्या पेटीत परतल्या की तो पेट्या इकडच्या तिकडे हलवतो. महिन्यापूर्वी तो असाच झाडांमधून वाकून पेटी नेत होता. दादाने सळसळ ऐकली आणि झाडली बंदूक. छर्रे पेटीत घुसले. पेटी मधवाल्याच्या पोटाशी धरलेली होती.

"आणि तो काही बोलला नाही?"

"काय बोलणार? वीस वर्षं पेट्या आपल्याच बागेत ठेवतो. म्हणाला, दादांना सांगू नका कुणाला लागणार होतं ते. ह्यांना वाटतं डुक्कर हुकलं."

कुलूपबाई उभीच होती. बत्तीस रकान्यांत डोळ्यांबद्दल एकही रकाना नव्हता. अर्जात एक ओळ होती, 'दृष्टी समाधानकारक', आणि ती अर्जदाराने स्वतःच भरायची. ती आयुष्यभर कुलपं बघत आली होती. इथे कुलूप, बोल्ट, किल्ली सगळं चोख असतं तरी मधवाला उद्या मेला असता.

दादा आला. दारातच थांबला. तिच्या हातातली मोडलेली बंदूक त्याला दिसली की वहिनींच्या रडण्याचा आवाज आला, सांगता येत नाही.

"ठेव ती खाली."

"दादा, डोळे कधी दाखवलेस?"

"माझ्या डोळ्यांचं तुला काय करायचंय? बंदूक ठेव खाली."

"भरलेली होती. झाडूंशेजारी."

"मग काय करू? चौकी इथून दीड तास. पोलिसांना फोन करून सांगू का, साहेब, डुक्कर आलंय, तुम्ही पोचेपर्यंत त्याला बोलण्यात गुंतवून ठेवतो? गेल्या वर्षी मजुराची मांडी फाडली त्याने, तेव्हा तुझं कार्यालय आलं होतं टाके घालायला? मी कुणाला लुटत नाही, कुणाला धमकावत नाही. माझ्या बागेत, माझ्या माणसांसाठी बंदूक ठेवायचा मला हक्क आहे, आणि तो तुझ्याच सरकारने शिक्का मारून दिलाय!"

"हक्क आहेच. मी नाही म्हणत नाही. त्या मेंढ्यावाल्या म्हातारीलाही आहे. पण ती कशावर झाडतेय ते तिला दिसतं."

"मला दिसतं!"

"मग सांग, माझ्या पदराच्या कुठल्या टोकाला गाठ आहे?"

दादाने तिच्याकडे पाहिलं. डोळे बारीक केले. खोलीत संध्याकाळचा उजेड अजून पुरेसा होता. मग त्याने मान फिरवली आणि हळू आवाजात म्हणाला, "बहीण म्हणून आलीस की तपासनीस म्हणून, तेवढं सांग."

"मोतीबिंदू असणार हा. ऑपरेशन करून घे, दादा. तोवर बंदूक मी जमा करते," एवढंच ती म्हणाली.

"हात लावून बघ."

तिने बंदूक कोठीच्या फळीवर ठेवली. रिकामी. काडतुसं पदरात घेऊन निघाली. तपासनीस असती तर पावती दिली असती, बहीण असती तर थांबली असती. फाटकाशी आल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण धावतोय.

दुसऱ्या दिवशी दोन कागद लिहून तिने साहेबांपुढे ठेवले. एक दादाविरुद्ध, एक स्वतःविरुद्ध. साहेबांनी दुसरा आधी वाचला. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"बाई, हे दिलं नसतंत तरी चाललं असतं. भावाचा परवाना डोळ्यांच्या कारणावरून थांबवू. तुमच्या सहीचं कुणी विचारलंही नसतं."

"मी विचारतेय."

साहेबांनी दोन्ही कागद सरळ केले. "बत्तीस रकाने आपण का भरतो, ठाऊक आहे? लोकांना बंदूक ठेवायचा हक्क आहे म्हणून. हक्कच नसता तर सरसकट गोळा करून वितळवल्या असत्या, तुमची-माझी गरजच नव्हती. लोक आपल्याला दारातून आत घेतात ते त्या सहीवर विश्वास ठेवून." मग एकदम त्रासून म्हणाले, "आणि मीही तुम्हाला जा म्हणालो. ते मी लिहितो माझ्या कागदावर."

दोन माणसं जाऊन दादाची बंदूक घेऊन आली. त्याने आडकाठी केली नाही. पावतीवर सही करताना ओळ सापडेना, तेव्हा त्यांतल्या एकाने त्याचं बोट धरून जागा दाखवली. निघताना दादा त्यांना म्हणाला, "माझ्या बहिणीला निरोप द्या. डुकरं आली की तिलाच हाक मारीन."

कुलूपबाईच्या नोकरीच्या पुस्तकात शेरा बसला आणि वर्षभरासाठी तिला खिडकीवर बसवलं. अर्ज घ्यायचे, शिक्का मारायचा, पुढचा. दिवसभर एका जागी. तिला हीच शिक्षा मोठी होती. टेबलाखाली पाय असा चालायचा की शेजारच्या कारकुनाने वैतागून आपलं टेबल हातभर सरकवून घेतलं.

डुकरं आलीच. मधवाल्याने आणि दोन-चार बागवाल्यांनी आळीपाळीने डबे बडवले, पण खालचा वाफा गेलाच. एका सकाळी फळं वेचणाऱ्या बाईच्या अंगावर एक डुक्कर धावून आलं. ती पळताना बांधावरून पडली आणि मनगट मोडलं. हे वहिनींकडून कळल्यावर कुलूपबाई तिला बघायला गेली. प्लास्टरमधला हात उशीवर ठेवून ती बाई बसली होती. तिला हिचं नातं माहीत होतं, पण राग नव्हता. साधेपणाने म्हणाली, "त्या वेळी बंदूक हवी होती हो."

कुलूपबाई म्हणाली, "हो."

आपण बरोबर केलं असं तिला एका दिवशी वाटायचं, आणि दुसऱ्या दिवशी ते प्लास्टर डोळ्यांसमोर यायचं. मग मधवाल्याच्या पोटाशी धरलेली पेटी यायची. दोन्हींपैकी एकही जाता जात नव्हतं. दादा फोन उचलत नव्हता. वहिनी उचलत, पण बोलताना आवाज दाबून बोलत.

हिवाळा सरत आला तेव्हा एका दुपारी खिडकीसमोरच्या रांगेत तिला दादा दिसला. सहा माणसांच्या मागे. ती एकेक अर्ज घेत होती आणि तिचा शिक्का एकदा शाईऐवजी टाचण्यांच्या डबीत पडला. दादा खिडकीशी आला. डोळ्यावर ऑपरेशनची काळी झापड नव्हती, चष्माही नव्हता. त्याने तिच्याकडे नीट, वरून खाली पाहिलं.

"बाई, हा अर्ज." आयुष्यात पहिल्यांदाच त्याने तिला बाई म्हटलं होतं.

"किती बारीक झालास," असं तिच्या ओठांवर आलं होतं. ती म्हणाली, "डोळ्यांचं प्रमाणपत्र?"

त्याने ते पुढे सरकवलं. डॉक्टरची सही, शिक्का, तारीख. तिने पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. रांगेतला मागचा माणूस खाकरला.

"उजव्या डोळ्याचं झालंय," ती म्हणाली. "डावा?"

"डावा पुढच्या महिन्यात. नेम उजव्यानेच धरतात, बाई."

"नियमात दोन्ही लिहिलेत."

"हा नियम कधी आला?"

"दोन महिन्यांपूर्वी. साहेबांनी वर लिहून पाठवलं होतं. आता अर्जदाराने स्वतः भरायचं नाही, डॉक्टरनेच भरायचं."

"कुणाच्या सांगण्यावरून लिहिलं साहेबांनी?"

दादाने दोन्ही हात खिडकीच्या फळीवर टेकले. तो काय बोलेल ते तिला समजेना. तिने कागद गोळा करून, कोपरे जुळवून त्याच्याकडे परत सरकवले.

"मग पुढच्या महिन्यात या."

"'या'?" दादा म्हणाला. "मला 'या' म्हणतेस?"

"तू मला बाई म्हणालास."

मागच्या माणसाने विचारलं, "तुमचं झालं का हो?" दादाने कागद उचलले, त्या माणसाला खांद्याने बाजूला सारलं आणि निघून गेला.

संध्याकाळी वहिनींचा फोन आला. आवाज दाबलेला नव्हता. "वन्सं, काय केलंत तुम्ही? दातओठ खात आलेत. दारात पाय ठेवल्यापासून तुमच्या नावाने शंख चाललाय."

"मग?"

"मग काय, मला म्हणाले, दवाखान्यात फोन लाव, पुढचा महिना कशाला, या आठवड्यात जागा आहे का विचार. आणि हो, मधवाल्यालाही बोलावून घेतलंय. ह्यांना म्हणे त्याला काही विचारायचंय, डुक्कर हुकलं त्या संध्याकाळचं. मी सांगितलं वन्सं. आज सांगून टाकलं सगळं."

"दादा काय म्हणाला?"

"ऐकलं आणि उठून बाहेर गेले. अंगणात बसलेत. मधवाला येतोय बघा, झाडांमधून. ह्यांना लांबूनच दिसला. उठून उभे राहिलेत."